डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या लांबलचक बोळात सन १८९७ मध्ये एक तरुण शस्त्रवैद्य घाईने वळण घेताना आपल्या गुरूंवरच आदळला. गुरू म्हणजे सुप्रसिद्ध डॉ. हॉल्स्टेड. त्यांनी तेथल्या तेथेच त्यास मूत्ररोग विभाग सांभाळावयास सांगितले. ह्या विषयाचे आपणांस काहीच ज्ञान नाही, असे तरुणाने प्रांजळपणे कळविले. ते ठाऊकच आहे, पण शिकता येईल, अशा अर्थाचे उत्तर त्यास मिळाले. हेच डॉ. यंग. त्यांचा जन्म टेक्सास प्रांतात सॅन अँटोनियो येथे सन १८७० मध्ये झाला.

कित्येक मुलगे जन्मतःच एक व्यंग घेऊन येतात. त्यांच्या मूत्रमार्गात आतल्या बाजूस पातळ घड्या असतात. लोहाराच्या भात्याची झडप वारा आत घेते, परत जाऊ देत नाही. तसेच येथे घडते. बाहेरून नळी घातली तर ती सुखाने मूत्राशयात जाते व मार्ग मोकळा आहे असे वैद्यास वाटते. परंतु मूत्र बाहेर येऊ लागताच त्या घड्या फुगून वाट अडवितात. मूत्राशय जोर करून करून जाड होतो, दाब मागे सरकत मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो व ती निकामी होऊ लागतात. अशा मुलास अंथरूण ओले केल्याबद्दल मार बसत असेल, तर त्याच्यासारखा अन्याय नाही.

शवविच्छेदनात हे व्यंग पूर्वीही दिसले होते. पण तेव्हा दिसून मुलास काय लाभ? यंग ह्यांनी जिवंत मुलांत ते ओळखावयास आरंभ केला. फ्रॉन्ट्झ व बाल्डविन ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी सन १९१९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करून घड्यांचे तीन प्रकार पाडले. त्यांपैकी दुसऱ्यास आज खरी झडप मानीत नाहीत. वृद्धांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी केलेले आपले हत्यार त्यांनी ह्या घड्या कापण्यासही वापरले. ह्याच हत्याराने जिम ब्रॅडी नामक धनिक बरा झाला होता, व त्याच्या देणगीतून सन १९१५ मध्ये मूत्ररोगांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. आज मूल गर्भात असतानाच ध्वनिलहरींच्या तपासणीने ह्या व्यंगाची शंका येऊ शकते; तरीही काहींची मूत्रपिंडे वाचत नाहीत.

गुडघा फुटला की आपल्याकडे लाविले जाई ते लाल औषध, मर्क्युरोक्रोम, हेही यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीच प्रचारात आणिले. त्यात पारा असल्यामुळे पुढे ते मागे पडले.

काही बालकांचा मूत्राशय जन्मतः पोटावर उघडाच असतो. तो मिटवून मुलास लघवीवर ताबा मिळवून देणे कोणास साधले नव्हते. तसे यश मिळाल्याची पहिली हकीकत यंग ह्यांनी सन १९४२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, प्रसिद्ध केली. २३ ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोर येथे त्यांचे देहावसान झाले.