एक्सप्लेनर : घड्याळ, पान आणि ऑइल पेंटचा डबा, नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे कोण होते?

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अभिनेते अमोल पालेकर यांना भाषणात वारंवार अडवण्यात आलं. व्हिडीओ देशभर फिरला, चर्चा वादाचीच झाली. तो कार्यक्रम होता चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा.

बरवे अलिबाग तालुक्यातल्या नागावचे. जन्म १६ मार्च १९३६. वडील चित्रपट स्टुडिओत कलाकार होते. पुण्यातल्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचे शिल्पकार, सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर हेही नात्यातलेच. १९५९ मध्ये बरवे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले.

नोकरी हातमागाची

१९६१ मध्ये त्यांनी केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. हातमागाच्या कापडासाठी नवी डिझाइन्स करायला या केंद्रांत चित्रकार नेमले जात. के. जी. सुब्रमण्यन, जोगेन चौधरी यांनीही ही नोकरी केली. बरवेंची पहिली वर्षं वाराणसीत गेली. तिथं तांत्रिक प्रतिमांचा प्रभाव पडला आणि तशी चिन्हं त्यांच्या चित्रांत उतरली. पुढे तंत्रकलेला परदेशातही भाव आला. म्हणजे वाट चालती होती. तरी १९६५ मध्ये मुंबईत परतल्यानंतर बरवेंनी ती हळूहळू सोडली.

मग काय रंगवलं?

घड्याळ, पान, शिंपला, फळ, ढग. रोजच्याच वस्तू, पण कॅनव्हासवर सुट्या सुट्या, तरंगत असल्यासारख्या. रंग एनॅमलचा. दारं-खिडक्यांना आणि आपल्याकडे होड्यांनाही लावतात, तो डब्यातला ऑइल पेंट. हा रंग लावल्यावर आपोआप सपाट पसरतो, ब्रशच्या खुणा फारशा उरत नाहीत. त्यामुळे जाड थर, फटकारे अशी हाताची करामत दाखवायची सोयच राहत नाही. रिकाम्या जागेत कुठली वस्तू कुठं ठेवली, यावरच चित्र उभं राहतं किंवा पडतं. बरवेंची चित्रं पहिल्या नजरेत सोपी वाटतात ती यामुळेच. प्रत्यक्षात तिथं चूक लपवायला जागा नसते.

हा विचार ते वर्षानुवर्षं वह्यांत टिपत राहिले, शेजारी स्केचेस काढत राहिले. १९९० मध्ये त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं, तेही मराठीत. आधुनिक चित्र मनात कसं घडतं हे स्वतः चित्रकारानं मराठीत इतक्या तपशिलानं मांडणं आजही दुर्मीळच.

६ डिसेंबर १९९५ रोजी, वयाच्या ५९व्या वर्षी बरवे गेले. २०१९ च्या त्या प्रदर्शनाचं नाव होतं ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’, म्हणजे रिकाम्या खोक्याच्या आत.