अंडी होती, पण पिल्लं नव्हती! डीडीटीचं सत्य जगासमोर मांडणाऱ्या रेचल कार्सन

डीडीटी म्हणजे एकेकाळचं जादूचं औषध. डास मेले, उवा मेल्या, पिकावरची कीड मेली. ते कीटकनाशक म्हणून शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेलही मिळालं. अशा औषधाविरुद्ध बोलणार कोण?

बोलल्या रेचल कार्सन.

१९०७ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेलमध्ये जन्म. प्राणिशास्त्रात एमए. वडील गेल्यावर घर चालवायला त्यांनी अमेरिकन सरकारच्या मत्स्य खात्यात नोकरी धरली. १९५१ मध्ये त्यांचं समुद्रावरचं पुस्तक तुफान खपलं आणि त्यांनी नोकरी सोडली.

१९५८ मध्ये एका मैत्रिणीचं पत्र आलं. डासांसाठी विमानातून फवारणी झाली आणि तिच्या अंगणातले पक्षी पटापट मेले होते. कार्सन यांनी माहिती गोळा करायला सुरुवात केली.

मिशिगनमध्ये झाडांवर डीडीटी मारलं जायचं. पानं गळायची, ती गांडुळं खायची आणि गांडुळं रॉबिन पक्षी खायचे. विष रॉबिनच्या अंडाशयात आणि वृषणातही सापडलं. अंडी असायची, पिल्लं नसायची.

कारण डीडीटी सहजासहजी नष्ट होत नाही. ते चरबीत साठतं आणि एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाताना वाढत जातं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशी रसायनं वार ओलांडून गर्भापर्यंत गेली होती. आईच्या दुधातही त्यांचे अंश मिळाले होते. म्हणजे बाळाच्या अंगात विष जन्माआधीच जाऊ शकत होतं.

१९६२ मध्ये हे सगळं 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात आलं. रसायन कंपन्या तुटून पडल्या. लग्न न झालेल्या बाईला पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला, असंही हिणवलं गेलं. खरं तर भाची वारल्यावर तिच्या लहान मुलाला कार्सनच वाढवत होत्या. त्यांना स्वतःला स्तनाचा कॅन्सर होता, पण त्यांनी ते जाहीर होऊ दिलं नाही. सरसकट बंदीही त्यांनी मागितली नव्हती. बेसुमार वापर थांबवा, एवढंच म्हणणं होतं.

१९६३ मध्ये त्यांनी अमेरिकन सिनेटसमोर साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ ला, ५६ व्या वर्षी त्या गेल्या.

पुढे १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाल्याचं मोजमापातून दिसलं. डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीई या घटकामुळे कवचात कॅल्शियम कमी पडत होतं, आणि अंडी आईच्याच वजनाने फुटत होती.

१९७२ मध्ये अमेरिकेने शेतीत डीडीटी वापरण्यावर बंदी घातली. २००७ मध्ये तिथला राष्ट्रीय पक्षी, बाल्ड ईगल, धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. हे पाहायला कार्सन नव्हत्या.