मायकेल फॅरडे

इ. स. 1805 च्या सुमारास लंडन शहरातील ब्लॅनफर्ड रस्त्यावर रिबो नावाच्या गृहस्थाचे पुस्तकांचे एक दुकान होते. तेथे पुस्तके विकली जात आणि त्यांची बांधणीही होई. बांधणीचे काम शिकण्यासाठी एक चौदा वर्षांचा मुलगा त्या दुकानात उमेदवार म्हणून राहिला होता. दिवसभर तो पाने शिवी, पुठ्ठे चिकटवी, आणि काम आटोपले म्हणजे बांधणीसाठी आलेली पुस्तके उघडून वाचीत बसे. एकदा ज्ञानकोशाचा एक खंड त्याच्या हाती आला. त्यातील विजेवरील लेखाने त्याचे मन वेधून घेतले. केवळ वाचून त्याचे समाधान होईना. तुटपुंज्या मिळकतीतून चार पैसे बाजूला टाकून त्याने साधी उपकरणे तयार केली आणि लेखात सांगितलेली गोष्ट खरी आहे की नाही, हे स्वतः ताडून पाहिले. हा मुलगा म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे होय.

फॅरडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन या भागात झाला. त्याचे वडील लोहार होते. परंतु सततच्या आजारामुळे त्यांच्या हातून फारसे काम होत नसे. घरात अठराविश्वे दारिद्र्य होते. लिहिणे, वाचणे आणि थोडाफार हिशेब एवढ्यावरच मायकेलचे शिक्षण थांबले. मोठ्या शास्त्रज्ञांना अवगत असणारे गणित त्याला कधीच शिकता आले नाही. या उणिवेची भरपाई त्याने दोन गुणांनी केली : एक तीक्ष्ण निरीक्षण आणि दुसरा अखंड उद्योग.

1812 साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. व्याख्याता होता सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही. फॅरडेने प्रत्येक व्याख्यानाची टिपणे घेतली, ती सुवाच्य अक्षरांत उतरवून काढली, त्यांना आकृत्या जोडल्या आणि त्या सर्वांचे स्वतःच्या हाताने सुबक पुस्तक बांधून ते डेव्हीकडे पाठविले. या तरुणाची तळमळ डेव्हीला जाणवली. 1 मार्च 1813 रोजी दर आठवड्यास 25 शिलिंग वेतनावर फॅरडे त्या संस्थेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला. राहण्यासाठी त्याला माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. त्याच वर्षी डेव्हीबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला. त्या प्रवासात डेव्हीच्या पत्नीने त्याला अनेकदा नोकरासारखे वागविले. फॅरडेने तो अपमान गिळला. कारण अँपिअर, व्होल्टा यांसारख्या शास्त्रज्ञांच्या दर्शनाचा लाभ त्याला त्याच प्रवासात घडत होता.

1820 साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने एक आश्चर्यकारक शोध जाहीर केला. विद्युत्प्रवाह वाहणारी तार होकायंत्राजवळ आणली की त्याची सूची दिशा बदलते, असे त्याला आढळून आले होते. वीज आणि चुंबकत्व यांचे काही नाते आहे, हे यावरून उघड झाले. सप्टेंबर 1821 मध्ये फॅरडेने एका पात्रात पारा भरला, त्यात एक लोहचुंबक उभा केला आणि वरून टांगलेल्या तारेचे टोक पाऱ्यात बुडविले. तारेतून विद्युत्प्रवाह सोडताच ती तार चुंबकाभोवती गरगर फिरू लागली. विजेच्या बळावर अखंड फिरणारी ही पहिलीच रचना होती. कारखान्यांतील आजच्या विजेच्या मोटारींचे मूळ या पाऱ्याच्या पात्रात आहे.

परंतु या यशाने त्याच्या वाट्याला मोठे दुःखही आले. वोलॅस्टन नावाच्या नामवंत शास्त्रज्ञाने तार चुंबकाच्या प्रभावाने स्वतःभोवती फिरेल, अशी कल्पना पूर्वी मांडली होती आणि डेव्हीच्या प्रयोगशाळेत तसा प्रयत्नही केला होता. तो साधला नव्हता. फॅरडेचा प्रयोग त्याहून वेगळा होता. त्यातील तार चुंबकाला प्रदक्षिणा घालीत होती. तथापि घाईघाईने प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात त्याने वोलॅस्टनचा उल्लेख केला नाही. दुसऱ्याची कल्पना त्याने चोरली, अशी कुजबुज लंडनमध्ये सुरू झाली. लोहाराच्या मुलाजवळ सचोटीवाचून दुसरे धन नव्हते आणि त्याच धनावर आता आघात झाला होता. फॅरडेने वोलॅस्टनची भेट मागितली, त्याच्यापुढे सर्व हकीकत मोकळेपणाने ठेवली आणि आपला प्रयोग प्रत्यक्ष करून दाखविला. वोलॅस्टनने मनात आकस ठेवला नाही. मात्र ज्या डेव्हीने त्याला हात देऊन वर आणले, त्याचे मन कलुषित झाले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व फॅरडेस मिळू नये, असा प्रयत्न डेव्हीने केला. तरीही जानेवारी 1824 मध्ये फॅरडे निवडून आला. विरुद्ध मत एकच पडले. डेव्हीविषयी कृतघ्नतेचा शब्द मात्र त्याने कधी काढला नाही.

या काळात एक प्रश्न त्याच्या मनात घर करून होता. विजेपासून चुंबकत्व निर्माण होते, तर मग चुंबकापासून वीज का निर्माण होऊ नये? 1825 साली त्याने या दिशेने प्रयोग केले. ते निष्फळ ठरले. पुढे काही वर्षे दुर्बिणीच्या काचा सुधारण्याच्या कामात गेली. तरीही त्या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही.

29 ऑगस्ट 1831 रोजी त्याने सुमारे सहा इंच व्यासाचे एक लोखंडी कडे घेतले. कड्याच्या एका बाजूस त्याने तांब्याच्या तारेचे एक वेटोळे गुंडाळले आणि समोरच्या बाजूस दुसरे. आवरण असलेली तार त्या काळी तयार मिळत नसे. म्हणून तारांचे थर दोरा आणि सुती कापड यांनी त्याला स्वतःच एकमेकांपासून अलग ठेवावे लागले. दोन्ही वेटोळ्यांचा परस्परांशी कोठेही संबंध नव्हता. पहिल्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह सोडताच दुसऱ्याला जोडलेली चुंबकसूची हलली आणि लगेच स्थिर झाली. प्रवाह बंद करताच ती पुन्हा हलली. पण या वेळी उलट दिशेने! प्रवाह एकसारखा वाहत असताना मात्र ती निश्चल राही. एवढ्याशा हालचालीत निसर्गाचे मोठे रहस्य दडले होते. चुंबक नुसता जवळ असून भागत नाही. चुंबकत्वात बदल झाला पाहिजे, म्हणजेच वीज उत्पन्न होते. पूर्वीचे प्रयोग का फसले, याचे उत्तर त्याला मिळाले. 17 ऑक्टोबर रोजी वेटोळ्याच्या पोकळीत चुंबक झटकन आत-बाहेर करून त्याने वीज उत्पन्न करून दाखविली.

परंतु ही वीज क्षणभंगुर होती. ती अखंड मिळावी म्हणून 28 ऑक्टोबर रोजी त्याने एका प्रचंड चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची बारा इंची तबकडी फिरविली. तबकडीचा आस आणि कडा यांना टेकविलेल्या तारांतून विद्युत्प्रवाह वाहू लागला; तबकडी फिरत राही तोवर तो थांबत नसे. जगातील पहिले विद्युत्-जनित्र ते हेच. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या कारागिराने या तत्त्वावर हाताने फिरविण्याचे यंत्र तयार केले. फॅरडेने या शोधातून पैसा मिळविण्याचा प्रयत्न केला नाही. यंत्रे सुधारण्याचे काम इतरांवर सोपवून तो निसर्गाच्या नव्या कोड्यांकडे वळला.

आपल्या शोधाचे फळ पाहण्याचे भाग्य मात्र त्याला लाभले. तो दीपगृहांच्या मंडळाचा शास्त्रीय सल्लागार होता. 1858 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका दीपगृहात वाफेच्या बळावर जनित्र फिरवून विजेचा दिवा लावण्यात आला. पुढे 1860 च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते अडले असताही हा अडुसष्ट वर्षांचा वृद्ध शेते आणि कुंपणे ओलांडीत त्या दिव्याची पाहणी करण्यास गेला.

वाढत्या वयात त्याची स्मरणशक्ती क्षीण झाली होती. पण प्रत्येक प्रयोग लगेच लिहून ठेवण्याची सवय त्याला पूर्वीपासूनच होती. ज्या रॉयल सोसायटीत त्याच्या प्रवेशास विरोध झाला होता, तिचे अध्यक्षपद त्याच्याकडे दोनदा चालून आले. दोन्ही वेळा त्याने ते नम्रपणे नाकारले. 25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्याचे निधन झाले आणि त्याच्या इच्छेनुसार साधेपणाने त्याचा दफनविधी करण्यात आला.

आज खोपोली येथे वा कोयनेच्या भूगर्भातील वीजगृहात पाण्याच्या जोरावर जी अजस्र जनित्रे फिरतात, त्यांचे तत्त्व फॅरडेच्या तबकडीचेच आहे. त्याच्या प्रयोगांची टिपणे सोळा हजारांहून अधिक क्रमांकित परिच्छेदांत आहेत. यशाइतकेच अपयशही त्यांत प्रामाणिकपणे नोंदलेले आहे, आणि त्या वह्यांची बांधणी त्याने स्वतःच्याच हाताने केलेली आहे.