रमाबाई रानडे: नर्सिंग हे ‘घरंदाज’ बायकांचं काम समजलं जात नव्हतं, तेव्हा त्यांनी विधवांना ससूनमध्ये शिकायला पाठवलं

पुण्यात सेवासदनचा बक्षीस समारंभ सुरू होता. सभागृह भरलं होतं आणि गॅलरीत कॉलेजचे विद्यार्थी बसले होते. एका तरुण विधवेचं नाव पुकारलं गेलं. केशवपन केलेली, डोक्यावरून लाल आलवण ओढून घेतलेली ती मुलगी बक्षीस घ्यायला मंचावर आली आणि गॅलरीतून हुर्यो सुरू झाली.

संस्थेच्या प्रमुख रमाबाई रानडे त्या वेळी काही बोलल्या नाहीत. बक्षिसं वाटून झाली, कार्यक्रम संपत आला, तेव्हा त्या समारोपाला उभ्या राहिल्या आणि थेट त्या विद्यार्थ्यांशीच बोलल्या. रूढींनी जिचे हाल केले, तिचीच टिंगल करणाऱ्यांना सुशिक्षित कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता. विधवा बहीण, आत्या किंवा आई नाही असं घर तरी सापडेल का, हेही त्यांनी विचारलं. गॅलरी चिडीचूप झाली.

याच समाजातल्या विधवांना रमाबाईंनी पुढे हॉस्पिटलच्या वॉर्डात नेऊन उभं केलं. ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्या घराघरात पोहोचल्या, पण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून. नर्सिंगच्या शिक्षणातलं त्यांचं काम मात्र फारसं सांगितलं जात नाही.

अकराव्या वर्षी लग्न

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर. मुलीनं शिकणं त्या घरात बसणारं नव्हतं.

१८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न ३१ वर्षांच्या रानड्यांशी झालं. रानड्यांच्या पहिल्या पत्नीचं नुकतंच निधन झालं होतं. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, त्यामुळे ते एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि एका लहान मुलीशी लग्न केलं. त्यावर तेव्हाही टीका झाली.

रानड्यांनी मग पत्नीला शिकवायला घेतलं, आधी मराठी आणि नंतर इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे अजिबात रुचलं नाही. टोमणे, अबोला, मुद्दाम टाळणं हे रोजचंच झालं. १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारं इंग्रजी निवेदन रमाबाईंनी पुण्यात गव्हर्नरांसमोर जाहीरपणे वाचून दाखवलं. घरी परतल्यावर कौतुक दूरच, बोलणीच खावी लागली.

रमाबाईंनी या बायकांशी भांडण मांडलं नाही आणि शिकणंही सोडलं नाही. जुन्या वळणाचं घर आतून कसं चालतं, तिथे कुणाचा शब्द चालतो आणि बाईला नेमकी कशाची भीती वाटते, हे त्यांना इथेच कळलं. पुढे याच घरांतल्या मुली-सुना बाहेर काढताना त्यांना हे ज्ञान उपयोगी पडलं.

सेवासदनची सुरुवात

जानेवारी १९०१ मध्ये रानड्यांचं निधन झालं. रमाबाई तेव्हा चाळिशीतही पोहोचल्या नव्हत्या, आता त्या स्वतः विधवा होत्या. सुरुवातीचा काळ त्या जवळपास कुणात मिसळल्याच नाहीत.

त्यानंतर त्यांनी स्वतःला कामात झोकून दिलं. तुरुंगातल्या बायकांना भेटणं, सुधारगृहातल्या मुलांशी बोलणं, सणावाराला त्यांना खाऊ नेणं, हॉस्पिटलमधल्या रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं देणं हा त्यांचा परिपाठ झाला.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केलं आणि त्याची धुरा रमाबाईंकडे आली. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यात त्यांच्यासोबत होते. शिवणकाम, प्राथमिक शिक्षण, शिक्षिकांचं प्रशिक्षण असे वर्ग सुरू झाले. १९११ च्या सुमारास त्यात नर्सिंगची भर पडली.

नर्सिंगला एवढा विरोध का होता?

आज नर्स ही पांढरपेशा नोकरी वाटते. तेव्हा चित्र वेगळं होतं. रुग्णसेवा म्हणजे रक्त, मलमूत्र, परजातीच्या माणसाचा स्पर्श, परपुरुषाचं शरीर आणि घराबाहेरची रात्रपाळी. यातली प्रत्येक गोष्ट सोवळ्या-ओवळ्याच्या आणि अब्रूच्या कल्पनांना धक्का देणारी होती. हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षित नर्स बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत.

बाळंतपणाचं काम पिढ्यान्‌पिढ्या सुईणी करत आल्या होत्या. त्यांच्याशिवाय कुणाचं चालत नव्हतं, पण मान त्यांना कुणीच देत नव्हतं. म्हणजे काम जुनंच होतं. त्याला शिक्षण, पगार आणि प्रतिष्ठा यांची जोड मिळालेली नव्हती.

त्यात पुण्याला हॉस्पिटलची धास्ती होती. १८९७ च्या प्लेगमध्ये गोऱ्या सैनिकांनी घरं तपासून माणसं हॉस्पिटलात हलवली होती. ती आठवण अजून ताजी होती. बायकांना पुरुष डॉक्टरसमोर दुखणं सांगायचाही संकोच वाटायचा, त्यामुळे अनेकदा आजार हाताबाहेर गेल्यावरच घरचे हॉस्पिटलची वाट धरत.

अशा रुग्ण बाईला नुसतं औषध देऊन भागत नाही. तिचं कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं, तिच्याच भाषेत तिला समजवावं लागतं. बाळंतपण, पाळी, अंगावरून जाणं या गोष्टी ती परक्या माणसाजवळ काढत नाही. आपल्यासारखीच बोलणारी, आपल्यासारख्याच घरातून आलेली नर्स असेल, तर निदान बोलायला सुरुवात होते.

रमाबाईंनी हे कसं जमवलं?

सेवासदनच्या बायका नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलमध्ये जाऊ लागल्या. त्यात तरुण विधवाही होत्या. घरात त्यांची अवस्था फुकट राबणाऱ्या माणसासारखी असायची. हाताला धंदा नाही, पुन्हा लग्न होण्याची शक्यता जवळपास नाही आणि आयुष्य मात्र पुढे लांबलचक पडलेलं.

पण या बायकांना घराबाहेर पडू देणार कोण? इथे रमाबाईंचं नाव कामी आलं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, स्वतः विधवा, साधी राहणी, देवाधर्माचं करणाऱ्या. त्यांच्या हवाली मुलगी करायला घरच्यांना तेवढी भीती वाटत नव्हती.

नुसत्या नावावर काम भागलं नसतं. मुलगी रात्री राहणार कुठे, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, जेवणाखाणाचं काय, हे घरच्यांचे खरे प्रश्न होते. सेवासदनने त्याचं उत्तर वसतिगृहांनी दिलं. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एक आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी एक अशी वेगळी वसतिगृहं होती. अभ्यासक्रमाइतकंच महत्त्व राहण्याच्या सोयीला होतं, कारण घरच्यांचा होकार त्यावरच ठरत होता.

पुरुष सुधारकांची भाषणं पुण्यानं आधीही भरपूर ऐकली होती. रमाबाईंनी रूढींवर सरसकट हल्ला चढवण्याऐवजी रुग्णसेवेला धर्मातल्या सेवाभावाशी जोडलं. शेवटच्या वर्षांत आषाढी-कार्तिकीला सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन त्या आळंदीला जायच्या आणि यात्रेतल्या बायकांची देखभाल करायच्या. घराबाहेर पडून अनोळखी माणसांची सेवा करणाऱ्या बायका लोकांनी अशा यात्रेतही पाहिल्या.

या मार्गाला मर्यादाही होत्या

सेवेची आणि त्यागाची भाषा वापरल्यामुळे नर्सिंगला प्रतिष्ठा मिळाली. पण नर्सनं निमूट राबावं, पगार आणि कामाचे तास याबद्दल बोलू नये, ही अपेक्षाही त्याच भाषेतून बळावते. आजच्या नर्सेसना आंदोलन करताना ‘सेवा’ हा शब्द वारंवार ऐकवला जातो.

तरीही त्या काळात त्या बाईच्या हातात काय पडलं, हे पाहायला हवं. जिला घरात कोपऱ्यात बसवलं होतं, तिला स्वतःची कमाई मिळाली. आणि वॉर्डातल्या रुग्ण बाईला तिची भाषा कळणारं माणूस मिळालं.

१९२४ मध्ये रमाबाईंचं निधन झालं. सेवासदन हाच त्यांनी ध्यास घेतला होता, असा गौरव गांधीजींनी त्यांना आदरांजली वाहताना केला. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. पुण्यातलं सेवासदन आजही सुरू आहे.