मुंजे चौकातले मुंजे

सीताबर्डीचा मुंजे चौक आपल्या बॅचला तोंडपाठ. हे मुंजे कोण, ते आपल्या मुलांसाठी लिहिते आहे.

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १८७२ साली बिलासपूरला झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, बोअर युद्धाच्या वेळी दक्षिण आफ्रिकेत गेले आणि मग नागपुरात डोळ्यांचे डॉक्टर म्हणून नावाजले. नेत्ररोगांवर ग्रंथ लिहिला, तोही चक्क संस्कृतात! राजकारणात आधी टिळकांचे अनुयायी, पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष.

शाळकरी मुलांना लष्करी शिक्षण हवं, हा त्यांचा ध्यास. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना ते इटलीत थांबले, मुसोलिनीला भेटले, तिथल्या मुलांच्या फॅसिस्ट संघटना पाहून भारावले. गौरवलेखांत हे बहुधा गाळतात; मला ते पटत नाही. १९३७ साली नाशिकला त्यांचं भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालं. तिथल्या आवाराला रामभूमी म्हणतात, विद्यार्थ्याला रामदंडी, आणि घोडेस्वारी ही तिथली जुनी शान. आपल्या एनसीसीवाल्या मैत्रिणींसाठी एक तळटीप: शाळा निघाली ती फक्त मुलग्यांसाठी.

मुंजे १९४८ च्या मार्चमध्ये गेले. भोसलाची शाळा नागपुरात आली, ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.