हजेरीपटात नसलेली मेरी

मानसशास्त्राची तोंडओळख करून द्यायची म्हटलं की बहुतेकजण फ्रॉइडपासून सुरुवात करतात. दाढी, चिरूट, स्वप्नं, की झाला पहिला तास! मी मात्र माझ्या अकरावीच्या मुलांना पहिल्या दिवशी मेरी व्हिटन कॅल्किन्सची गोष्ट सांगते. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. खरं तर शाळा-कॉलेजात मानसशास्त्र पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी आयुष्य वेचलेल्या माणसांत हिचं नाव फार वरचं आहे.

२०२० मध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली तेव्हापासून मी हा विषय मोबाइलवर शिकवते आहे. ज्या गावांत कॉलेज आहे पण मानसशास्त्र शिकवणारं कुणी नाही, तिथली मुलं संध्याकाळी जमतात. मुली जास्त, मुलगे दोन-चार. गंमत अशी की पडद्यावर मुलींची नावं दिसतच नाहीत. फोन वडिलांचा नाहीतर भावाचा, त्यामुळे चौकटीखाली नाव त्यांचं. बबनराव हजर, संतोष हजर, आणि त्यांच्या मागे आवाज मात्र एखाद्या सोळा वर्षांच्या पोरीचा. अशा वर्गाला मेरीची गोष्ट लगेच कळते. कारण मेरी ज्या वर्गात बसून शिकली, तिथल्या हजेरीपटात तिचंही नाव नव्हतं.

मेरीचा जन्म ३० मार्च १८६३ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्डला. वडील वोल्कॉट कॅल्किन्स हे चर्चमध्ये धर्मोपदेशक. पाच भावंडांत ही थोरली. पुढे सगळं कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनजवळच्या न्यूटनला येऊन राहिलं, आणि मेरी जन्मभर तिथेच राहिली. १८८२ मध्ये ती स्मिथ कॉलेजात गेली, तर पुढच्याच वर्षी धाकटी बहीण मॉड वारली. मेरी एक वर्ष घरीच थांबली. थोरल्या मुलीचं असंच असतं ना, कुठल्याही देशात! तरी १८८५ मध्ये पदवी घेऊन मोकळी झाली. विषय तत्त्वज्ञान आणि ग्रीक-लॅटिनसारख्या जुन्या भाषा. मग घरच्यांबरोबर युरोपचा प्रवास, ग्रीसही बघून झालं.

परत आल्यावर १८८७ मध्ये तिला वेल्स्ली कॉलेजात ग्रीक शिकवायचं काम मिळालं. हे कॉलेज फक्त मुलींचं आणि शिकवणाऱ्याही बायकाच. तीन वर्षं ती ग्रीक शिकवत होती. तिचं शिकवणं बघून तत्त्वज्ञानाच्या विभागातल्या बाईंना वाटलं, आपल्याकडे मानसशास्त्र हा नवा विषय सुरू करायचाय, तो हिच्याकडेच द्यावा. अट एकच, आधी वर्षभर तो विषय नीट शिकून ये.

आता शिकायचं कुठे? सगळ्यात जवळ होतं हार्वर्ड. तिथे विल्यम जेम्स शिकवत होते आणि त्यांचा मानसशास्त्राचा दोन खंडांचा गाजलेला ग्रंथ त्याच वर्षी, १८९० मध्ये, बाहेर पडला होता. पण हार्वर्ड पुरुषांचं. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी चक्क नकार दिला. जेम्स यांची हरकत नव्हती. शेवटी मेरीच्या वडिलांनी अर्ज केला, वेल्स्लीच्या अध्यक्षबाईंनी त्याला पुस्ती जोडली, तेव्हा कुठे १ ऑक्टोबर १८९० ला परवानगी मिळाली. तीही कशी? वर्गात बसू द्यायचं, पण विद्यार्थिनी म्हणून नोंद करायची नाही. अठ्ठावीस वर्षांची होत आलेली, तीन वर्षं कॉलेजात शिकवलेली बाई, आणि अर्ज वडिलांचा! माझ्या वर्गातल्या बबनरावांची आणि संतोषची आठवण होते ती इथे.

पुढची गंमत ऐका. जेम्स यांच्या त्या वर्गात आणखी चार पुरुष विद्यार्थी होते, ते एकेक करून गळाले. उरली एकटी मेरी. मग काय, जेम्स यांच्या ग्रंथालयातल्या शेकोटीच्या एका बाजूला गुरू आणि दुसऱ्या बाजूला ही, असं तिचं शिक्षण झालं. नोंद नसलेल्या मुलीला घरच्यासारखी शिकवणी मिळाली म्हणायची.

त्याच सुमारास वूस्टरच्या क्लार्क विद्यापीठात एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे ती प्रयोग शिकत होती. दोघांनी मिळून स्वप्नांचा अभ्यास केला. रात्री वेगवेगळ्या वेळी गजर लावायचा, जाग आली की अंथरुणातच स्वप्न लिहून काढायचं. मेरीने अशी स्वतःची २०५ स्वप्नं टिपली. कुठल्याही भाकितात न शिरता तिने सरळ मोजदाद केली, तेव्हा दिसलं की स्वप्नांत येणारी माणसं, जागा, वस्तू बहुतेक आपल्या रोजच्या जगण्यातल्याच असतात. हा निबंध १८९३ मध्ये छापला गेला. पुढे स्वतः फ्रॉइड यांनी स्वप्नांवरच्या आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली. (सांगायचं म्हणजे, माझ्या वर्गात हा भाग आला की त्या आठवड्यात उशाशी वही ठेवायची टूम निघते. तीन दिवस टिकते.)

आता इथून पुढे मी तिला कॅल्किन्सबाई म्हणणार, कारण १८९१ मध्ये वेल्स्लीत तिने मानसशास्त्राचा वर्ग सुरू केला. तिथल्या मोठ्या इमारतीत, कॉलेज हॉलच्या माळ्यावर, जेमतेम दोनशे डॉलरच्या खर्चात त्यांनी प्रयोगशाळा उभी केली. मुलींच्या कॉलेजातली ही पहिलीच मानसशास्त्राची प्रयोगशाळा, आणि सबंध अमेरिकेतही तोवर अशा प्रयोगशाळा मोजक्याच होत्या. पहिल्याच वर्षी पन्नासहून अधिक मुली आल्या. मुलींना हा विषय सोपा करून, गोष्टीरूपाने सांगावा असं बाईंना कधी वाटलं नाही. मुलींनी कोकराचा मेंदू कापून बघायचा. स्पर्श, रंग, आवाज यांचे प्रयोग एकमेकींवर करायचे. निकाल आपल्या हाताने मांडायचे. मला बाईंचं हे फार आवडतं. आजही मानसशास्त्र म्हणजे स्वभाव ओळखण्याची विद्या, असं समजून मुली येतात. मॅडम, समोरच्याच्या मनातलं ओळखायला कधी शिकवणार, हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. त्यावर बाईंचाच उपाय लागू पडतो : प्रयोग करायला लावायचा.

तो प्रयोगही बाईंनीच शोधलेला आहे. वेल्स्लीतून रजा काढून त्या पुन्हा हार्वर्डला गेल्या, जर्मनीहून आलेले ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत. आठवण कशी पक्की होते, हा प्रश्न. बाईंनी काय केलं, एक रंग दाखवायचा, लगेच एक अंक. दुसरा रंग, दुसरा अंक. अशा जोड्यांची माळ संपली की नुसते रंग उलटसुलट क्रमाने दाखवायचे आणि विचारायचं, याच्याबरोबर कुठला अंक होता? काही जोड्या पुन्हापुन्हा दाखवायच्या, काही अगदी शेवटी ठेवायच्या, काही अंक मुद्दाम डोळ्यांत भरतील असे करायचे. निघालं ते असं की नजरेत भरणारं लक्षात राहतं, ताजंही राहतं, पण यांची झुंज लावली तर जे जास्त वेळा समोर आलं तेच जिंकतं.

जोड्या लावून स्मरणशक्ती तपासण्याची ही पद्धत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. पुष्कळदा ती काढणाऱ्या बाईंचं नाव न घेताच! मोबाइलवर शिकवायला तर हा प्रयोग जणू बेतलेलाच आहे. मी घोटीव कागदाचे चौकोन कॅमेऱ्यासमोर धरते, मग अंकाची चिठ्ठी, आणि मुलं वहीच्या मागच्या पानावर उत्तरं लिहितात. मध्येच रेंज गेली की एखादीची एक जोडी बुडते. मग तो अंक तिला का आला नाही यावरही चर्चा होते. तुम्हीही घरी करून बघा. मुलांना इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ पाठ करवताना सगळ्या जोड्या एकदा रंगीत शाईने सजवण्यापेक्षा क्रम बदलून पाच वेळा विचारा.

१८९५ मध्ये आणखी एक मजेशीर प्रकरण झालं, आणि ते मी वर्गात कधीच गाळत नाही. विस्कॉन्सिनचे जोसेफ जॅस्ट्रो नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी मुलामुलींना भराभर शंभर शब्द लिहायला सांगितले आणि निष्कर्ष काढला की बायकांची शब्दांची झेप आखूड. त्यांचे शब्द एकमेकींसारखे, जवळपासच्या वस्तूंचे, नटण्यासजण्याचे. पुरुषांचे म्हणे दूरचे, अमूर्त. कॅल्किन्सबाईंनी रागावून उत्तर लिहिलं नाही. त्यांच्या देखरेखीखाली कॉर्डेलिया नेव्हर्स हिने तोच प्रयोग वेल्स्लीच्या मुलींवर केला, आणि निकाल जॅस्ट्रो यांच्याशी जुळेनात. वादावादी झाली, दोन्हीकडून लेख निघाले. बाईंचा मुद्दा सोपा होता. पाळण्यापासून ज्यांना वेगळं वाढवलं जातं, त्यांच्या मनातला जन्मजात फरक कुठला आणि वाढवण्यातला कुठला, हे तुम्ही निवडून काढणार कसं? मला तर वाटतं, दुपारी चारला दूध तापत ठेवून तुम्ही शब्द लिहायला बसलात तर पातेलं आणि गाळणं यादीत येणारच. त्याच ओट्यापाशी घरातल्या पुरुषाला महिनाभर उभं करा आणि मग त्याची यादी तपासा!

त्याच वर्षी, २८ मे १८९५ ला, हार्वर्डच्या तत्त्वज्ञान विभागातल्या प्राध्यापकांनी बाईंची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा घेतली. अनधिकृत बरं का, कारण विद्यापीठाने उमेदवार म्हणून मान्यता दिलीच नव्हती. समोर जेम्स, म्युन्स्टरबर्ग, जोसाया रॉइस असे रथीमहारथी. बाई अशा काही उत्तरल्या की हार्वर्डमध्ये इतकी चमकदार परीक्षा आजवर झाली नाही, असं जेम्स यांचं मत पडलं. डॉक्टरेटच्या सगळ्या अटी यांनी पुऱ्या केल्यात, असं परीक्षकांनी एकमुखाने कळवलं. विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण एकच, बाई होत्या. दुसरीकडे कॉर्नेल विद्यापीठाने मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न यांना आदल्याच वर्षी मानसशास्त्राची डॉक्टरेट दिली होती, म्हणजे काळच तसा होता हे म्हणणंही पुरतं खरं नाही.

१९०२ मध्ये तोडगा निघाला. हार्वर्डशेजारी मुलींसाठी रॅडक्लिफ कॉलेज होतं. हार्वर्डमध्ये डॉक्टरेटचं काम पूर्ण केलेल्या चार बायकांना रॅडक्लिफची डॉक्टरेट देऊ केली गेली. म्युन्स्टरबर्ग यांनी घ्या म्हणून आग्रह धरला. त्यांचंही खोटं नव्हतं, हातात येतंय ते घ्यावं, निदान नावापुढे डॉक्टर तर लागेल. बाईंनी नाही म्हटलं. रॅडक्लिफबद्दल त्यांना राग नव्हता. पण आपण शिकलो एकीकडे आणि पदवी घ्यायची दुसरीकडची, हे त्यांना पटेना. एकदा ही सोय आपण स्वीकारली की हार्वर्डला बायकांना पदवी देण्याचं कारणच उरणार नाही, आणि मागून येणाऱ्या मुलींचा रस्ता आणखी अडेल, असा त्यांचा विचार.

वर्गात इथे नेहमी दोन तट पडतात. काही मुली म्हणतात, घ्यायला हवी होती, कागद कागदच असतो. त्यांना मी चूक म्हणत नाही. ज्या घरात बारावीच्या गुणपत्रिकेवर पुढचं शिक्षण की लग्न हे ठरतं, तिथल्या मुलीला कागदाची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. बाईंच्या मागे वेल्स्लीची पक्की नोकरी होती, १८९८ पासून त्या प्राध्यापकही झाल्या होत्या, हेही विसरून चालत नाही. पण नोकरी पक्की असलेल्या किती जणी मागच्यांचा विचार करून हातातलं परत करतील?

पदवीवाचून त्यांचं काम अडलं नाही. १९०१ मध्ये मानसशास्त्राची ओळख करून देणारं पाठ्यपुस्तक लिहिलं, पुढे नवशिक्यांसाठी आणखी एक. १९०५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या, तिथली पहिली स्त्री. १९१८ मध्ये तत्त्वज्ञांच्या संघटनेच्याही पहिल्या स्त्री अध्यक्ष. कोलंबिया विद्यापीठाने १९०९ मध्ये आणि स्मिथने १९१० मध्ये मानद पदव्या दिल्या. बाईंचा आवडता विचार ‘स्व’चा. आठवण, राग, विचार या गोष्टी सुट्या तपासून भागत नाही, त्या कुणाच्या तरी असतात, आणि ते कुणीतरी चार माणसांत राहत असतं, हे त्या सांगत राहिल्या. नुसतं वागणं मोजा, मनाचं नाव काढू नका म्हणणाऱ्यांचा जोर वाढला तरी त्यांनी हा हेका सोडला नाही.

लग्न केलं नाही. न्यूटनच्या घरात आईवडिलांजवळ राहिल्या. न्यूयॉर्कला कोलंबिया आणि बर्नार्डकडून बोलावणं आलं होतं, मोठी संधी होती. घरच्यांना सोडून जायचं नाही म्हणून नाकारलं. हे मला थोडं खटकतं, खरं सांगते. हार्वर्डसमोर ताठ उभी राहणारी ही बाई घरापुढे थोरली लेकच राहिली.

ज्या कॉलेज हॉलच्या माळ्यावर त्यांनी पहिला वर्ग घेतला, ती इमारत १९१४ च्या मार्चमध्ये आगीत जळून गेली. बाई शिकवत राहिल्या. १९२७ मध्ये हार्वर्डमधूनच शिकून मोठे झालेल्या काही नामवंत मानसशास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी विद्यापीठाला विनंती केली की आता तरी बाईंना त्यांची पदवी द्या. विद्यापीठाने पुन्हा नाही म्हटलं. रॅडक्लिफच्या मुलींच्या पदवीवर हार्वर्डचं नाव यायला १९६३ साल उजाडलं.

१९२९ मध्ये, बेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर, बाई निवृत्त झाल्या. आता घरी बसून लिहायचं आणि आईच्या सोबतीत दिवस काढायचे, असा त्यांचा बेत होता. त्याला वर्षही मिळालं नाही. २६ फेब्रुवारी १९३० ला कॅन्सरने त्या न्यूटनलाच गेल्या. म्हातारी आई मागे राहिली.