रंग हरपले, रेषा उरली
कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे पुण्यस्मरण

व्यापार आणि चित्रकला यांचे एका घरात जमत नाही, अशी आपल्या समाजात जुनी समजूत आहे. रंगपेटीत रमणाऱ्या मुलाच्या हाती गल्ला सोपवू नये, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. या समजुतीस छेद देणारे एक चरित्र महाराष्ट्रात होऊन गेले. भोपाळहून इंदूरकडे जाताना वाटेत देवास लागते. तेथील किर्लोस्करांच्या पंपांच्या कारखान्यामुळे हे आडनाव मध्य प्रदेशात स्थायिक झालेल्या आपल्या महाजन कुटुंबांस परके नाही. तथापि ज्या पुरुषाने या उद्योगाचा पाया घातला, तो घरातून बाहेर पडला होता चित्रकार होण्यासाठी, ही हकिकत आपल्या तरुण पिढीस क्वचितच ठाऊक असते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच गाव. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत लागेना. ते लागे चित्रे काढण्यात आणि यंत्रांत. असल्या छंदातून पोट कसे भरणार, ही वडिलांची चिंता रास्तच होती. अशा वेळी थोरले बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या द्रव्यसाहाय्याने लक्ष्मण १८८५ साली मुंबईस गेला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

दोन वर्षे अभ्यासात गेली आणि मग एक विलक्षण आघात झाला. काही रंग या विद्यार्थ्यास नीट ओळखता येत नाहीत, तो अंशतः रंगांध आहे, असे निष्पन्न झाले. ज्या विद्येसाठी वडिलांचा रोष पत्करला आणि भावाचा पैसा घेतला, तिचे द्वार निसर्गानेच बंद केले. घरी परतावे तर कोणत्या तोंडाने? पण रंग हातचे गेले तरी रेषा हातात होती. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास नेटाने चालू ठेवला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे ते अध्यापक झाले. यंत्राचा प्रत्येक भाग आधी कागदावर नेमका उतरवायचा आणि मग धातूत आणायचा, ही शिस्त त्यांना येथेच लागली.

नोकरीत असतानाच त्यांनी रामूअण्णांच्या साह्याने बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून माल पाठवावा आणि रामूअण्णांनी तो विकून गिऱ्हाइकांस चालवावयासही शिकवावे, असा हा व्यवहार होता. पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करण्याचे त्यांनी ठरविले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची दृढ भावना होती. त्यामुळे पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. एवढा काळ न विकला जाणारा माल दारात ठेवून धीर न सोडणे, हे साहस लहान नव्हे.

नांगर खपू लागला आणि १९१० च्या प्रारंभी बेळगाव नगरपालिकेच्या हुकुमाने कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. या संकटात धावून आले औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. १९३८ साली त्यांनी औंधच्या डोंगरावर उभारलेले चित्रसंग्रहालय आजही रसिकांना खेचून नेते. रंग पारखे झालेल्या कलाविद्यार्थ्यास आश्रय मिळावा तो एका चित्रकार राजाच्या दारी, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जमीन म्हणजे निवडुंगांनी आणि सापांनी भरलेला माळ होता. १० मार्च १९१० रोजी त्यावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. पुढे त्या रेल्वे स्थानकानेही हेच नाव धारण केले. आरंभीच्या सहकाऱ्यांत शिक्षण अर्धवट राहिलेले पण कल्पक अनंतराव फळणीकर होते. कारकुनी आणि हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे होते. दरोडेखोरीची शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर वस्तीच्या राखणीचे काम सोपविले गेले आणि त्यांनी ते इमानाने केले. वसाहतीत अस्पृश्यतेस थारा नव्हता. जगाने बाजूस सारलेल्या माणसातही काही कामाचे उरलेले असते, हे लक्ष्मणराव स्वानुभवाने जाणत होते, असेच म्हणावेसे वाटते.

पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळसा यांची टंचाई झाली, तरी कारखाना तगला. १९२० साली त्याची मर्यादित कंपनी झाली. पुढे उसाचे चरक व पंपही तेथे तयार होऊ लागले. चित्रकलाही त्या घरातून गेली नव्हती. पुतणे शंकरराव हे स्वतः चित्रकार. त्यांनी १९२० साली सुरू केलेली किर्लोस्कर खबर पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घरोघर पोचली. नांगराच्या माहितीसोबत सकस वाङ्मय आणि उत्तम चित्रे एका कारखान्याने मराठी वाचकांस दिली, याचे आज नवल वाटते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. चित्रकार म्हणून त्यांचे नाव कोठेही नोंदलेले नाही, आणि ती उणीव नांगरांच्या संख्येने भरून निघाली असे मानण्याचे कारण नाही. मात्र रामूअण्णांनी धाकट्या भावाच्या छंदासाठी दिलेला पैसा फुकट गेला, असेही कोणी म्हणणार नाही. आपल्या महाजन घरांतही वहीच्या समासात चित्रे काढीत बसणारे एखादे मूल असते. त्याला दटावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी गुर्लहोसूरच्या या दोन भावांची आठवण करावी, एवढीच या स्मरणिकेच्या द्वारे नम्र विनंती.